इमारतीची प्रमाण मूठ

आरोग्य केंद्रातून मिळालेला कागद नानांनी तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि मग लाल पेन काढलं.

कागदावर छापलं होतं : 'पौष्टिक न्याहारी क्रमांक तीन. एक मूठ गव्हाचा भरडा, दोन मुठी चिरलेल्या भाज्या, थोडे तेल, चिमूटभर मीठ. वेळ पंधरा मिनिटे.'

नानांनी 'मूठ'खाली एक रेघ ओढली. 'थोडे'खाली दोन ओढल्या. 'चिमूटभर'भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'कोणाची?'

चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या हातात असा कागद देणं म्हणजे निवृत्त न्यायाधीशाला 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे' असं सांगण्यासारखं होतं. ज्या हातांनी बाजारातले दगड, विटांचे तुकडे आणि एका ठिकाणी चक्क वजन म्हणून वापरली जाणारी इस्त्री जप्त केली, त्या हातांना आता मूठ हे माप मानायला सांगण्यात येत होतं. तेही छापून.

बरं, कागद फाडून टाकावा तर तीही सोय नव्हती. त्या कागदावर नानांचं घर टिकून होतं.

नानांची पत्नी जाऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत नाना जेवत होते. दुपारी डबा येत होता, त्यातलंच रात्री उरत होतं. सकाळ मात्र मोकळी पडली होती. एक्केचाळीस वर्षं सकाळी आठला टेबलावर काहीतरी गरम येत असे आणि नाना वर्तमानपत्राच्या मागून हात पुढे करून ते घेत असत. ते कुठून येतं, याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. स्वयंपाकघर त्यांच्या कार्यक्षेत्रात नव्हतं. आता ते चहात दोन बिस्किटं बुडवून खात आणि त्यावर रक्तदाबाची गोळी घेत. एके दिवशी तेवढ्यावरच वाचनालयात गेले आणि तिथल्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसले, ते दोघांनी दंडाला धरून उठवेपर्यंत बसले. "बसलो होतो, पडलो नव्हतो," हे त्यांनी नंतर भेटेल त्याला सांगितलं. न भेटणाऱ्या दोघांना फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी परगावाहून आली.

"नाना, तुम्ही आता माझ्याकडे राहायला यायचं."

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही म्हणून तर आत्ता नेतेय. झाल्यावर उचलून न्यावं लागेल."

मुलगी आईवर गेली होती. आवाज चढवत नसे, नुसतं वाक्य पूर्ण करत असे, आणि पूर्ण झालेल्या वाक्यापुढे नानांचं कधी काही चाललेलं नव्हतं. तिच्याकडे त्यांना वेगळी खोली मिळाली असती, उन्हाची गॅलरी मिळाली असती, वेळेवर खाणं मिळालं असतं. फक्त करायला काही मिळालं नसतं. शिवाय या घरात दाराची कडी कशी उचलून लावायची, कोणती खिडकी वाऱ्याने आपटते, हे सगळं त्यांना माहीत होतं. माहीत असलेलं घर कुलूप लावून सोडायचं म्हणजे पत्नीचं जाणं आणि आपलं जाणं, दोन्हींवर मिळून एकच कुलूप लागलं असतं. हे काही त्यांनी मुलीला सांगितलं नाही. त्यांनी फक्त मुदत मागितली.

दोन दिवसांच्या वाटाघाटींनंतर करार झाला.

"पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी मी येईन," मुलगी म्हणाली. "सकाळी आठ वाजता टेबलावर ताटली दिसली पाहिजे. तिच्यात धान्य हवं, भाजी हवी, आणि गरम हवी. तुमच्या हातची. समोरच्या घरून झाकून आलेली नको. दिसली, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिसली, तर तुमचे कपडे मी भरायला घेईन."

"आठ म्हणजे आठच का?"

"तुमच्याच घरी वाढलेय मी, नाना."

म्हणून तो कागद. म्हणून ते लाल पेन.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. समोर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी कागद हातात घेतला, नानांची लाल रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "नाना, मूठ म्हणजे मूठ हो. घालायचं आणि मोकळं व्हायचं."

"कोणाची मूठ, बाई?"

"खाणाऱ्याची."

"तसं कागदात लिहिलेलं नाही."

वरच्या मजल्यावरचे व्यायामवाले जिन्यातच भेटले. ते रोज पहाटे गच्चीवर हात फिरवत आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलत. "शिजवताच कशाला, नाना? भाज्या कच्च्या खा, धान्य भिजवून खा. मी दहा वर्षं तेच खातोय. माझ्याकडे बघा." नानांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि शिजवायचं नक्की केलं.

मूळ कागद काढणाऱ्यांनाच विचारलेलं बरं, म्हणून नाना आरोग्य केंद्रात गेले. आहारतज्ज्ञ बाई वयाने त्यांच्या मुलीहून लहान होत्या आणि बाहेर बाकावर चौदा माणसं बसली होती.

"ही मूठ कोणाची धरायची?"

"ज्याची त्याची, आजोबा."

"म्हणजे घरोघरी वेगळी?"

"हो."

"मग छापलीत कशाला?"

बाईंनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. घरी येताना नानांना मुठीपेक्षा 'आजोबा' जास्त लागलं होतं.

त्यांनी स्वतःच माप ठरवायचं ठरवलं. त्यासाठी तराजू होता. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने दिलेला पितळी तराजू, निळ्या मखमलीच्या पेटीत वजनांसकट, नऊ वर्षं बैठकीच्या कपाटात काचेमागे बसून होता. पत्नी तो दर आठवड्याला पुसत असे, पण त्याला स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नसे. "माझ्या ओट्यावर तपासणी नको," एवढंच तिचं म्हणणं होतं. आता हरकत घेणारं कोणी नव्हतं. नानांनी तराजू बाहेर काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काट्याखाली पाहिलं. पडताळणीच्या सरकारी मुद्रेची मुदत आठ वर्षांपूर्वी संपली होती.

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. पण मुदत संपलेल्या तराजूवर माल जोखणाऱ्या लोकांची नानांनी जन्मभर दुकानं बंद केली होती. स्वतःच्या घरात ते तोच गुन्हा करणार नव्हते.

ते आपल्या जुन्या कार्यालयात गेले. पेटी छातीशी धरून रांगेत उभे राहिले. ज्या दालनात त्यांची खुर्ची होती तिथे आता पाण्याचं यंत्र होतं. खिडकीवरच्या मुलीने त्यांना ओळखलं नाही, यात तिचा काही दोष नव्हता. नाना निवृत्त झाले तेव्हा ती शाळेत असणार.

"घरगुती तराजूला मुद्रा लागत नाही, काका."

"मला लागते."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि संगणकाकडे वळली. "व्यवसायाचा प्रकार?"

"व्यवसाय नाही."

"रकाना रिकामा ठेवला तर पुढे जात नाही, काका. काहीतरी सांगा."

रकाना रिकामा सोडायचा नाही आणि रकान्यात खोटं लिहायचं नाही, ही शिस्त या कार्यालयाला ज्यांनी लावली ते दुसरे तिसरे कोणी नसून नानाच होते. नाना क्षणभर अडकले. मग त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं.

"न्याहारी."

मुलीने टंकलं. "व्यवसायाची वेळ?"

"सकाळी सात चाळीस ते आठ."

संगणक पुढे गेला. मुद्रा बसली. नानांनी पेटी मांडीवर घेऊन बसमधून घरी येताना दोनदा उघडून पाहिली. इतक्या दिवसांत त्यांना प्रथमच काहीतरी व्यवस्थित झाल्यासारखं वाटलं.

आता मूठ. एका मुठीवरून प्रमाण ठरत नाही, निदान दहा तरी हव्यात. नानांनी रविवारी सकाळी जिन्याच्या चौकात टेबल मांडलं, त्यावर तराजू आणि भरड्याचा डबा ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मूठभर भरडा काढायला लावला. पहिल्या तिघांनी नानांवर दया म्हणून काढला. चौथ्यापासून लोक आपणहून उतरू लागले. मुख्याध्यापिका बाईंनी डब्यात हात घातला आणि एकसष्ट ग्रॅम बाहेर काढले. जिन्यात कुजबुज झाली. त्यांच्यामागून व्यायामवाले बाह्या सरसावून आले. त्यांची मूठ भरली अठ्ठावीस ग्रॅम.

"हात ओला होता," व्यायामवाले म्हणाले.

"ओल्या हाताला जास्त चिकटतं," बाई म्हणाल्या.

व्यायामवाल्यांनी फेरमोजणी मागितली. सत्तावीस आले. त्या दिवसापासून ते बाईंशी फक्त मान हलवून बोलत. एकूण अकरा मुठी जोखल्या गेल्या, सरासरी निघाली साडेत्रेचाळीस ग्रॅम. नानांनी तिला वहीत 'इमारतीची प्रमाण मूठ' असं नाव दिलं, खाली तारीख घातली आणि सही केली.

चिमटीचा प्रश्न जास्त नाजूक होता. पितळी तराजूवर पाच ग्रॅमच्या आतला माल जोखायचा नाही, असा नियम. नानांनी पन्नास ग्रॅम मीठ जोखलं, वर्तमानपत्रावर पसरलं आणि जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने त्याचे सारखे पंचवीस भाग पाडले. प्रत्येक भागाची, औषधाची बांधावी तशी, कागदी पुडी बांधली. पंचवीस पुड्या बरणीत रचल्या. बरणी पाहून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "नाना, हे मीठ आहे की पुरावा?"

मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. पहिल्या दिवशी न्याहारी क्रमांक तीन दुपारी पावणेबाराला तयार झाली. पौष्टिक होती, न्याहारी मात्र राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी नाना मटार जोखत असताना मागे कढईत भरडा जळला. कढई घासायला लागलेला वेळ कागदात धरलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी कमी पडलं, आणि दातांच्या डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिलाय ते नानांनी आधी पाहून ठेवलं, मग खाल्लं. चौथ्या दिवशी गाजर शिजलं, फरसबी शिजली नाही. पाचव्या दिवशी फरसबी शिजली आणि गाजर दिसेनासं झालं. नाना हे सगळं वहीत लिहीत होते. फरसबी आधी, मग गाजर, मग कोबी, मटार शेवटी. भरडा तेलावर परतायचा, वास आला की पाणी, पाणी गरमच हवं. हे शेवटचं कळायला त्यांना नऊ दिवस लागले. एक्केचाळीस वर्षं ओट्यावर सकाळी पहिल्यांदा पाण्याचं पातेलं का चढत असे, तेही तेव्हाच कळलं. तेवढा दिवस त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बावीस मिनिटांवर आले. सात चाळीस ते आठमध्ये बसवायला आता फक्त दोन मिनिटं कमी करायची, असं म्हणत असतानाच सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. हातात सरकारी पाकीट होतं.

"नाना, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"कसली?"

"खानावळीची."

पाकिटात कळवलं होतं की, आपल्या इमारतीतील सदनिकेत 'न्याहारी' या व्यवसायाकरिता तराजू मुद्रांकित करण्यात आला असून, परिपत्रकानुसार इमारतीच्या व्यवस्थापनास त्याची सूचना देण्यात येत आहे, आणि तीस दिवसांच्या आत, व्यवसायाच्या वेळेत, पूर्वसूचनेशिवाय तपासणी होईल.

"हे परिपत्रक कोणी काढलंय कोणास ठाऊक," सेक्रेटरी म्हणाले. "राहत्या घरात धंदा केला तर इमारतीलाच पत्र. चांगलं डोकं चालवलंय पण."

नानांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं. परिपत्रक वीस वर्षांपूर्वीचं होतं. मसुदा त्यांचाच होता. 'पूर्वसूचनेशिवाय' हा शब्द तर त्यांनी भांडून घालून घेतला होता.

त्यांनी सोसायटीला तीन प्रतींत खुलासा लिहून दिला : 'सदर न्याहारी हा व्यवसाय नसून न्याहारी आहे.' सेक्रेटरींनी तो उभ्यानेच वाचला.

"हे तुम्ही म्हणता, नाना. पण सरकारी कागद वेगळंच म्हणतोय. मी कोणतं धरू?"

चौतीस वर्षं समोरच्याला 'कागद काय म्हणतो ते सांगा' असं सुनावणाऱ्या नानांनी खुलाशाची आपली प्रत घडी घालून खिशात ठेवली.

बातमी जिन्याने खाली आणि वर दोन्हीकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरून चिठ्ठी आली : 'रोज दोन ताटल्या. तिखट कमी.' व्यायामवाल्यांनी विचारलं की कच्च्याची वेगळी सोय होईल का. मुख्याध्यापिका बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "भाजी चिरायला मी येईन हो, लाजू नका. या वयात धंदा काढायला हिंमत लागते." नानांनी प्रत्येकाला समजावलं. जितकं समजावलं तितकी लोकांची खात्री पटत गेली. आपण आयुष्यात एकदाही कोणाला फसवलं नाही, आणि त्याचाच हा परिणाम आहे, असं त्यांना वाटू लागलं.

शनिवार उजाडला. मुलगी पहाटेच्या गाडीने आली, हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून वाट पाहू लागली. करार साऱ्या इमारतीला माहीत असल्यामुळे मुख्याध्यापिका बाई दूध मागायच्या निमित्ताने आल्या होत्या आणि दूध मिळाल्यावर दारातच थांबल्या होत्या.

भाज्या चिरून तयार होत्या. जोखायचं काम मात्र नानांनी मुलीसमोर करायचं म्हणून राखून ठेवलं होतं. ओट्यावर तराजू, शेजारी वजनं, शेजारी पुड्यांची बरणी. पाण्याचं पातेलं चढलेलं. सात चाळीसला त्यांनी कढईखाली गॅस पेटवला आणि दारावरची बेल वाजली.

दारात वजनमापे निरीक्षक उभे होते, मागे सेक्रेटरी. निरीक्षक एकेकाळी नानांच्या हाताखाली होते. कार्यालयात त्यांना धाकटे म्हणत. त्यांचा पहिला अहवाल नानांनी अकरा वेळा परत पाठवला होता.

"साहेब, माफ करा," धाकटे म्हणाले. "पण परिपत्रक तुमचंच आहे."

"वेळही बरोबर साधलीत. आत या."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "नाना, हे काय चाललंय?"

"तपासणी. तू बस."

धाकट्यांनी काम चोख केलं, कारण शिकवलेलंच तसं होतं. तपासणी पुरी होईपर्यंत तराजू वापरता येत नाही. पेटीत घातला, सुतळी बांधली, लाख लावून मोहोर केली. मग त्यांची नजर बरणीवर गेली.

"हे काय, साहेब?"

"मीठ."

"मापून बांधलेलं?"

"दोन दोन ग्रॅम."

"वर वजन लिहिलेलं नाही. तारीख नाही. बांधणाऱ्याचा पत्ता नाही."

"बांधणारा मीच आहे. इथेच उभा आहे."

"साहेब, माणूस समोर उभा आहे म्हणून पत्ता माफ होत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत."

बरणीलाही मोहोर लागली. भिंतीवरच्या घड्याळात सात एक्कावन्न झाले होते. कढई रिकामीच तापली होती. ओट्यावर आता मापाचं असं काहीच उरलं नव्हतं.

"नाना, मी करू का?" मुलगी हळूच म्हणाली. तिला खरोखरच मदत करायची होती, आणि ती केली तर काय होईल हे दोघांनाही माहीत होतं.

"नको."

नानांनी कढईत तेल सोडलं. थोडं. मग भरड्याच्या डब्यात हात घातला आणि तसेच थांबले. इमारतीतल्या अकरा मुठी त्यांनी जोखल्या होत्या, स्वतःची जोखायची राहून गेली होती. निरीक्षकाने स्वतःचा हात तपासायचा नसतो, असं काहीसं मनात असावं. आता आपल्या मुठीत किती मावतं हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी मूठ भरली, बाहेर काढली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कढईत उलटी केली. भरडा तडतडला. वास येईपर्यंत ते परतत राहिले. मग फरसबी, मग गाजर, मग कोबी. गरम पाणी ओतलं तशी वाफ चष्म्यावर आली आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मीठ ओट्यामागच्या मोठ्या डब्यातून घेतलं, तीन बोटांच्या चिमटीत. शेवटी मटार. झाकण.  धाकटे पंचनाम्याचा कागद टेबलावर पसरून लिहीत होते आणि मधूनमधून कढईकडे बघत होते. ते घरून न खाता निघाले होते.

पंच म्हणून दोघं हवे होते. मुख्याध्यापिका बाई लगेच दूध खाली ठेवून पुढे आल्या. दुसरं नाव धाकट्यांनी मुलीचं लिहिलं.

नानांनी ताटली तिच्यासमोर ठेवली. वर गाजराचे तुकडे, खाली मऊ भरडा, वाफ निघत होती.

"वस्तू टेबलावर आली," धाकटे मनगट बघत लिहू लागले, "सात वाजून अठ्ठावन्न."

सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी तर मुलीकडे अशी नजर टाकली की बघ म्हणावं आता. मुलीने चमचा उचलला.

"तुमचं घड्याळ मागे आहे," नाना म्हणाले.

"साहेब?"

"भिंतीवरचं बरोबर आहे. रेडिओवर रोज लावून घेतो मी. आठ वाजून चार मिनिटं झालीत. ते खोडा."

"नाना, अहो," सेक्रेटरी म्हणाले, "सहा मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय?"

"साहेब, चालतं हो एवढं," धाकटे म्हणाले.

"पंचनाम्यात चालतं असं काही नसतं. खोडा, वर बरोबर वेळ घाला आणि बाजूला सही करा."

धाकट्यांनी खोडलं. आठ वाजून चार असं लिहिलं. सही केली. नानांनी डोळ्यांवर चष्मा चढवून ते वाचलं, मान हलवली आणि गॅसचं बटण बंद करायला वळले. बटण आधीच बंद होतं. तरी ते त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"घरात राहणाऱ्या व्यक्ती किती?" धाकट्यांनी पुढचा रकाना विचारला.

 'दोन' हे सवयीचं उत्तर नानांच्या ओठांवर आलं होतं. ते आता खरं नाही, हे ते आलं तेव्हाच कळलं. दुसरं कोणतं उत्तर खरं ठरणार हे मात्र त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. ते ओट्याकडे तोंड करून उभे राहिले.

मुलीच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश चावला, गिळला, पाणी प्याली.

"एक," ती म्हणाली. "एक लिहा. माझे वडील."

धाकट्यांनी लिहिलं. मग बोट पुढे सरकवलं. "राहणं कायमचं की तात्पुरतं? तसा रकाना आहे."

मुलीने ताटलीतला गाजराचा तुकडा चमच्याने कडेला सारला, पुन्हा मधे आणला. बाई दाराच्या चौकटीकडे बघत होत्या. सेक्रेटरी आपल्या चपलेकडे बघत होते.

"कायमचं," ती म्हणाली.

नाना वळले नाहीत. त्यांनी कढईत डाव घातला, उरलेल्याचे भाग केले, आणि कोणालाही न विचारता तीन ताटल्या काढून त्या तिघांच्या पुढे ठेवल्या. स्वतःसाठी कढईतच राहू दिलं. धाकट्यांनी खाता खाता निष्कर्षाची जागा भरली : 'व्यवसाय आढळला नाही. न्याहारी आढळली.' ते वाचून सेक्रेटरींनी सोसायटीसाठी एक प्रत मागितली.

कागद मुलीपुढे आला. तिने सगळा वाचला, वर खोडलेली वेळसुद्धा वाचली, आणि सही केली.

"मीठ जास्त झालंय, नाना," पेन परत देताना ती म्हणाली.

धाकटे पेन घेऊन थांबले. "ते लिहू का, बाई?"

"नको," मुलगी म्हणाली. "ते घरातलं आहे."